आदळआपट

आर्णीच्या माणसाला दोन टोकांना बांधलेलं असण्याची सवय असते. आमचा तालुका जिल्ह्यानं यवतमाळचा आणि लोकसभेनं चंद्रपूरचा. कलेक्टर कचेरीत काम निघालं की चाळीसेक किलोमीटरवर यवतमाळ गाठायचं आणि खासदार आठवला की पूर्वेकडे तोंड करून हात जोडायचे. गाडीच्या शॉकअपचंही नेमकं तेच. वरचं टोक चेसिसला, खालचं ॲक्सलला, आणि दोन्हीकडून जी ओढाताण होईल ती मधल्यानं मुकाट गिळायची. एवढं साम्य असताना मला शॉकअप कळायला खरं म्हणजे काही हरकत नव्हती. शिवाय मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, आणि त्यातल्या दोलनांच्या प्रकरणात ‘अवमंदित दोलने’ म्हणून जो भाग येतो, तो म्हणजे दुसरंतिसरं काही नसून शॉकअपच. फळ्यावर आकृती काढून, हातवारे करून, प्रसंगी टेबल हलवून मी तो भाग असा काही रंगवतो की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी होतात. तोवर घंटा झालेली असते.

जीप घेतली ती शेतापायी. हिच्या वाट्याला माहेरचा जो तुकडा आला तो अरुणावतीच्या अंगाला, आणि तिथं जायला पांदण. पांदण म्हणजे काय हे काळ्या मातीच्या मुलखातल्या माणसाला सांगायला नको, पण पुण्यामुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो: पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते आणि चपलेसकट माणूस ठेवून घेते, दिवाळीनंतर सुकू लागते, तेव्हा बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांनी चिखलात पाडलेल्या चाकोऱ्या जशाच्या तशा कडक होतात, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या तिन्ही ऋतूंत मी स्कूटर नेऊन पाहिली. तिन्ही ऋतूंत ती ढकलत परत आणली.

तेव्हा जुनी, विलीसच्या घराण्यातली जीप घेतली. या घराण्याचा इतिहास मला तोंडपाठ आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1941 पासून, अमेरिकी सैन्यासाठी विलीसनं ती हजारोंनी बनवली. 1947 मध्ये महिंद्रांनी ती भारतात आणली आणि पुढं मुंबईत तिची जोडणी सुरू केली. चारही कोपऱ्यांत पाटे, प्रत्येक पाट्याशेजारी एक शॉकअप, हा तिचा साचा दशकानुदशकं बदलला नाही, कारण बदलावा असं त्यात काही नव्हतं. तिची लांबट बहीण कमांडर आमच्याकडे काळी-पिवळी म्हणून धावली आणि एका पाट्यावर किती माणसं बसू शकतात याचा प्रयोग यवतमाळ जिल्ह्यात जितका खोलात जाऊन झाला तितका अमेरिकी सैन्यानंही केला नसेल. हे सगळं मी जीप विकणाऱ्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “सर, गाडी एक नंबर हाय. तुमी फक्त चालवा.” पुढची काही वर्षं मी त्याचा शब्द खाली पडू दिला नाही. फक्त चालवली.

आणि मग ती आदळू लागली. आधी थोडी, मग बरीच, मग अशी की शेतावर न्यायच्या डब्यात वरण, भात आणि वांग्याची भाजी वेगवेगळी भरली तरी पोचताना एकच पदार्थ निघायचा. ही मांडीखाली उशी घेऊन बसायला लागली, नंतर पाठीमागेही एक घेतली, आणि एकदा तर “मी बंडीनं येते, तुम्ही व्हा पुढं” म्हणाली. बंडी आमच्या आधी पोचली.

आमच्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका राहतात. उभं आयुष्य त्यांनी पाट्यांवर चालणाऱ्या गाडीत उभ्यानं काढलेलं, त्यामुळे हिसका, धक्का, दणका आणि आदळ यांतले भेद त्यांना मणक्यातून कळतात, असा त्यांचा दावा आहे. जीप गल्लीत शिरताना त्यांनी डोळे मिटून कान दिला आणि म्हणाले, “मास्तर, शॉकअप गेले.” एवढ्या अधिकारवाणीनं माझ्या प्राचार्यांनीही मला कधी काही सांगितलेलं नाही. मी तत्काळ मानलं.

आता दोन मिनिटं शिकवतो. रविवार असला तरी राहवत नाही. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, ते पाटे पेलतात. खड्ड्यात चाक गेलं की पाटा दबतो आणि मग उसळतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. त्याला कुणी आवरलं नाही तर तो बराच वेळ तेच करत बसेल. आवरायचं काम शॉकअपचं. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. दट्ट्या हलला की तेलाला त्या भोकांतून कसंबसं पलीकडे जावं लागतं, त्यात उसळीतली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. म्हणून खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉकअप तापतो. तो निकामी झाला की गाडी खड्डा संपल्यावरही डोलत राहते, वळणावर कलते, ब्रेक दाबला की नाक खाली घालते. हे मी दर वर्षी शिकवतो आणि दर वर्षी त्यावर प्रश्न काढतो. उत्तरपत्रिका मात्र दुसऱ्यांच्या तपासतो.

चाचणी सोपी असते. बंपरवर जोर देऊन गाडी दाबायची आणि सोडून द्यायची. एकदा वर येऊन ती स्थिरावली तर शॉकअप ठणठणीत. दोन-तीनदा वरखाली झाली तर गेलेला. मी बाह्या सारून बंपर दाबला. जीप दबली नाही. मी बंपरवर बसलो. दबली नाही. उभा राहिलो, उड्या मारल्या. काकांना बोलावलं, आम्ही दोघांनी एक-दोन-तीन म्हणून मारल्या. दूधवाला सायकल लावून आला, त्यानंही माणुसकीच्या नात्यानं दोन मारल्या. समोरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, “गणपती बसवून रायले का जी?” जीप तसूभर हलली नाही. गाडी दबलीच नाही तर काय समजावं, हे कुठंच दिलेलं नव्हतं. तेव्हा मी माझ्या बुद्धीनं निष्कर्ष काढला: शॉकअप इतके गेलेत की चाचणीलाही उठत नाहीत.

तरी शास्त्राच्या माणसानं एका प्रयोगावर थांबू नये. दुसरी चाचणी उष्णतेची. गाडी पांदणीतून दामटून आणायची आणि लगेच चारही शॉकअपना हात लावून पाहायचा. तापलेला असेल तो काम करतो, थंड असेल तो फुकटचा प्रवासी. मी दिवेलागणीला जीप दामटून आणली, अंगणात पोतं टाकलं, बनियनवर खाली सरकलो, अंधारात अंदाजानं जी पहिली लांबट नळी हाताला लागली तिच्यावर सबंध तळवा ठेवला, आणि मनात म्हटलं, हा तर उत्तम काम करतोय. तो सायलेन्सर होता.

हिनं कोरफड लावली आणि उजवा हात फडक्यात बांधून दिला. उरलेला प्रयोग डाव्या हातानं पूर्ण केला. चारही शॉकअप थंड. अगदी माठाला लाज येईल असे थंड. चारही गेलेत, याचा याहून भक्कम पुरावा कोणतं न्यायालय मागणार? रात्री मी तसा निकाल घरात जाहीर केला. “मग मिस्त्रीकडे टाका,” ही म्हणाली. एवढा साधा उपाय मला पटेना.

कारण एव्हाना मला दुसरंच वेड लागलं होतं. गोव्यात 2014 पासून भर पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ नावाची स्पर्धा भरते. मूळची मलेशियातली, 1997 ची. त्यात माणसं धडधाकट गाड्या मुद्दाम चिखलात, नाल्यांत आणि उभ्या चढावर घालतात आणि त्या बाहेर काढतात. आमच्याकडे हे आषाढात फुकट घडतं, पण त्याला कुणी चषक देत नाही. रोज रात्री जेवणानंतर मी ते व्हिडिओ पाहू लागलो आणि त्यांतल्या गाड्यांचे वायूभरले शॉकअप पाहून हरखू लागलो. साधा शॉकअप फार भराभर हलला की तेलात हवा मिसळून फेस होतो आणि फेसाला काही दट्ट्या अडवता येत नाही. म्हणून तेलावर दाबाखाली नायट्रोजन भरून ठेवायचा, की फेस व्हायला वावच राहत नाही. हे कळल्यावर मला जुन्या शॉकअपची कीव यायला लागली. हिनं त्याच सुमाराला फ्रीजचं दार नीट लागत नाही म्हणून सांगितलं होतं. मी फ्रीजला सुतळी बांधली आणि शॉकअप मागवले.

पार्सल आलं तेव्हा सगळं घर जमलं. एकेक शॉकअप आखूड दाबून वर पट्टा आवळलेला. तो पट्टा गाडीला लावताना, अगदी शेवटी कापायचा, असं सोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं. कागद मी जपून ठेवला. वाचायचा रविवारी, असं ठरवून. एक शॉकअप टीपॉयवर आडवा ठेवला, एक टोक भिंतीला टेकवलं, आणि मुलांना पट्ट्याचं प्रयोजन समजावून सांगावं म्हणून तो कात्रीनं कापला. दुसऱ्या टोकासमोर हिनं उन्हं दाखवून नुकतीच आत आणलेली आंब्याच्या लोणच्याची बरणी होती. शॉकअप कसलीही घाई न करता, आवाज न करता, मोठ्या सभ्यतेनं लांब होऊ लागला. बरणीही तितक्याच सभ्यतेनं कडेकडे निघाली. मी दोन्ही हातांनी दांडा धरला. त्यानं मलाही सोबत घेतलं.

लोणचं पुसता पुसता मी हिशेब केला. दांडा 14 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे क्षेत्रफळ साधारण दीड चौरस सेंटिमीटर. आतला दाब 25 बार धरला तर दांड्यावर जवळजवळ 39 किलोचा जोर येतो. “म्हणजे एक बरणी तो सहज ढकलणार,” मी मुलांना म्हणालो, “यात आश्चर्य काहीच नाही.” मुलांना आश्चर्य वाटलंच नव्हतं. आईकडे बघत ती आधीच मागच्या दारानं निसटली होती.

रविवारी बसवायला घेतले. जीप अंगणात, अंगण काळ्या मातीचं, आणि आदल्या रात्री पाऊस पडलेला. जॅक लावला, दांडा फिरवला. जीप जागच्या जागी आणि जॅक पाताळात. खाली फळी हवी हे मला कळलं, आणि घरात फळी म्हणून एकच वस्तू सापडली: माळ्यावरचा सागवानी पाट, ज्यावर बसून माझं लग्न लागलं होतं. इतकी वर्षं संसाराचा भार सोसलेला पाट जीपचा भार सोसेल, असं मला वाटलं. त्यानं पहिल्याच दणक्यात घटस्फोट घेतला.

शेवटी काकांनी विटा आणि जाड फळ्या आणवल्या, चाकांना दगड लावले, चेसिसखाली घोड्या लावल्या, आणि “नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली घुसायचं नाही” असा दम मला बोट नाचवून दिला. मग गंजलेल्या पिना. त्यांना रात्रभर डिझेल पाजलं होतं, तरी त्या सुटेनात. पान्याला पाईप जोडून जोर लावला तेव्हा पाना सुटला, पाईप सुटला, मी सुटलो आणि पिन तिथंच राहिली. दुपारपर्यंत हातोडी, छिन्नी आणि काकांचे एसटीतले निवडक शब्द यांच्या जोरावर चारही जुने शॉकअप खाली आले. एक हातात घेऊन मी ओढून पाहिला: जड. दाबून पाहिला: त्यामानानं हलका. शॉकअप मुद्दाम तसाच बनवतात. दबताना कमी अडवायचं, उसळताना जास्त, कारण उसळी आवरणं हेच त्याचं काम. पण मला वाटलं, ओढताना जड जातंय त्याअर्थी आत काहीतरी अडकलंय. त्याच वेळी रस्त्यावरून भंगारवाला जात होता. देव अशा वेळी बरोबर पाठवतो.

पट्टा कापलेला तो नवा शॉकअप पुन्हा दाबून पिनांमध्ये बसवताना मी, काका आणि मघाचा दूधवाला असे तिघं त्याच्याशी झुंजलो. एकदा तो बसला असं वाटून आम्ही टाळ्याही वाजवल्या. टाळ्या वाजवायला हात सोडावे लागतात, हे नंतर लक्षात आलं. चौथाही लागला तेव्हा मी नट सगळे तिथंच, चाकं लोंबकळत असताना, जीव खाऊन आवळले. बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, वजन पडल्यावर शेवटचे आवळायचे असतात. नाहीतर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. तेही त्या कागदावर होतं. कागद लोणच्यात होता.

संध्याकाळी उद्घाटनाची फेरी. ही उश्या न घेता बसली. एवढा विश्वास तिनं माझ्यावर लग्नातही दाखवला नव्हता. पांदण लागली, पहिली चाकोरी आली, आणि आम्ही दोघं टपाला लागून परत सीटवर आलो. मग दुसरी, मग तिसरी. मी अभिमानानं म्हणालो, “काय, फरक जाणवतो ना?” ती दात सांभाळत म्हणाली, “जाणवतो. आधी खड्डे कळायचे. आता खडेही कळतात.”

मग दिग्रस रोडच्या मिस्त्रीकडे जाणं आलं. त्यानं बॉनेट उघडलं नाही, गाडी चालवून पाहिली नाही, बंपर दाबला नाही. टायरवर अंगठा दाबला.

“सर, हवा किती भरता?”

“चाळीस,” मी म्हणालो. “कडक टायर असला की ॲव्हरेज चांगलं पडतं.”

“हे काय लोडिंगचा ॲटो हाय का? अशा हलक्या जीपीले चोवीस-पंचवीस लय झाली.” मग तो खाली सरकला आणि हातोडीनं पाट्यावर टकटक केलं. वरून वर्षानुवर्षांची अरुणावतीकाठची माती पडली. “अन् इथं ग्रीस कवा मारलं होतं?”

“कुठं?”

“ह्या शॅकलच्या निपलात.”

मी वाकून पाहिलं. पाट्याच्या टोकाला, गंजाच्या आणि मातीच्या थराखाली, बोंडाएवढं काहीतरी होतं. इतकी वर्षं मी ते जीपचं अंगभूत सौंदर्य समजत होतो.

मिस्त्रीनं मला शिकवलं. पाटा दबला की लांब होतो, आणि ती लांबी सामावायला टोकाला शॅकल हलावी लागते. पाट्याच्या पानांनाही एकमेकांवरून सरकावं लागतं. शॅकल गंजून जाम आणि पानं मातीनं चिकटून एकजीव, म्हटल्यावर पाटा दबणारच कसा? पाटाच हलत नसेल तर त्याच्याशेजारचा शॉकअप हलत नाही; हलत नाही म्हणून तापत नाही; तापत नाही म्हणून थंड. “गाडी डोलत होती का?” त्यानं विचारलं. “नाही, आदळत होती,” मी म्हणालो. “मंग शॉकअप काहून बदलवले?” डोलणं आणि आदळणं यातला हा फरक बारावीच्या पोरानं चुकवला तर मी दोन गुण कापतो. मिस्त्री गुण कापत नाही. तो फक्त बघतो.

त्यानं पाटे सोडवले, तारेच्या ब्रशनं घासले, पानांमध्ये ग्रीस भरलं, शॅकलमध्ये नवं ग्रीस इतकं दाबलं की जुनं काळं बाहेर पडलं, शॉकअपचे नट ढिले करून गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळले आणि हवा उतरवली. मग एका बोटानं, खरंच एका बोटानं, बंपर दाबला. जीप दबली, वर आली, थांबली. मला माझा फळा आठवला आणि लगेच विसरावासा वाटला.

“अन् जुने शॉकअप?” मी धीर करून विचारलं. “तेही चांगले होते का?”

“चांगले म्हंजे? भंगारवाल्यापासून मीच आणले नं ते. तिकडल्या कमांडरले लावले. लय मस्त चालून रायली बापा!” ती कमांडर समोरच उभी होती. आत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाई ड्रायव्हरला सांगत होत्या की अशा आरामात त्या माहूरला याआधी कधी गेल्या नव्हत्या. बाई देवभोळ्या असाव्यात. त्यांनी श्रेय रेणुकामातेला दिलं.

मिस्त्रीचं बिल हिच्या लोणच्याच्या कैऱ्यांहून कमी झालं. निघताना तो म्हणाला, “सर, दर महिन्याले ग्रीस मारत जा. पंधरा मिनिटाचं काम हाय. पावसाळ्यात पांदणीतून आणली की धुऊन मारा. बाकी काही करू नका.” शेवटच्या तीन शब्दांवर त्यानं जरा जास्तच जोर दिला.

घरी येताना मी विचार करत होतो. आम्हा मंडळींना दुरुस्ती म्हणजे काहीतरी विकत आणणं असं वाटतं. शॉकअप म्हटलं की छाती फुगते, पार्सल उघडायला घरदार जमतं, शेजारी विचारतात केवढ्याला पडला. महिन्याच्या महिन्याला पोतं टाकून एका बोंडात ग्रीस भरणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. पण आता यापुढं असं नाही. आता देखभाल करायची, नियमानं करायची, आणि करायचीच तर शास्त्रशुद्ध.

त्याच रात्री बसून मी ग्रीस गनचा अभ्यास केला. हातानं दाबायची, पायानं दाबायची, हवेवर चालणारी, पिस्तुली मुठीची; कुणाचा दाब किती, नळी किती लांब, तोंड कुठल्या निप्पलला बसतं. त्यातली सर्वांत चांगली मागवली. पार्सल आलं तेव्हा सगळं घर जमलं; हिनं आधी बरण्या हलवल्या. या वेळी कागद मी आधी वाचला, तोही दोनदा. ओसरीत खिळा ठोकून गन टांगली, शेजारी बारा महिन्यांचा तक्ता लावला, प्रत्येक निप्पलला क्रमांक दिला. परवा मिस्त्री रस्त्यानं जाताना थांबला, गन हातात घेऊन उलटसुलट पाहिली, दांडा दोनदा ओढला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “सर, लय भारी हाय. पण ग्रीस कुठं हाय?”

ते आणायचं राहिलंय.